आटलेल्या मज्जेची नोंदवही

अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ, लालसर गर, हीच रक्ताची जन्मभूमी आहे, ही गोष्ट आज शालेय पाठ्यपुस्तकात एका ओळीत सांगितली जात असली, तरी वैद्यकशास्त्राला तिची खात्री पटायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आयुर्वेदाच्या सप्तधातूंच्या क्रमात रक्त दुसरे आणि मज्जा सहावी येते, आणि रक्ताचे स्थान म्हणून यकृत आणि प्लीहा यांचा निर्देश होतो. युरोपातही गेलनच्या परंपरेने रक्ताची उत्पत्ती शतकानुशतके यकृतातच मानली होती. १८६८ साली क्योनिग्जबर्गचे अर्न्स्ट नॉयमन आणि इटलीतले जुलिओ बित्झोझेरो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हाडांतून पिळून काढलेला गर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात लाल पेशींची अर्धवट वाढलेली, अजून केंद्रक न टाकलेली रूपे त्यांना दिसली, तेव्हा रक्ताचा कारखाना कुठे आहे हा प्रश्न सुटला. निरोगी प्रौढ माणसाच्या मज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार होतात, आणि त्यांच्याबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी व जखमेवर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सही तिथेच जन्म घेतात.

हा झरा आटला तर काय होते, याचे पहिले स्पष्ट वर्णन पाउल एर्लिख यांनी १८८८ साली केले. एकवीस वर्षांची एक गरोदर स्त्री थोड्याच दिवसांत रक्तस्राव आणि तापाने दगावली, आणि शवविच्छेदनात तिच्या मांडीच्या हाडात लाल गराऐवजी पिवळी चरबी आढळली. पुढे १९०४ मध्ये आनातोल शोफार यांनी या स्थितीला 'ॲप्लास्टिक ॲनिमिया' हे नाव दिले. त्याचा अर्थ असा की रक्त कमी आहे ते वाहून गेल्यामुळे किंवा आतल्या आत फुटल्यामुळे नव्हे, तर मुळात ते घडवलेच जात नसल्यामुळे. विहीर उपसल्याने कोरडी पडणे आणि तिचे झरेच बंद होणे, या दोन गोष्टींत शेतकरी जो फरक करतो, तोच हा फरक आहे. त्या काळी अशा रोग्यांत बहुतेक प्रौढ माणसे असत आणि कारण बाहेरचे असावे असा समज होता. हा दोष आईबापांकडून वारशाने येऊ शकतो, ही कल्पना यायला बालरोगतज्ज्ञाची नजर लागली.

ती नजर गुइदो फॅन्कोनी यांची. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या पोस्कियाव्हो या इटालियन बोलणाऱ्या खोऱ्यात १ जानेवारी १८९२ रोजी जन्मलेले फॅन्कोनी पुढे झुरिकच्या बाल रुग्णालयात आले आणि १९२९ पासून तीन दशकांहून अधिक काळ त्या रुग्णालयाचे प्रमुख राहिले. १९२७ साली त्यांनी एकाच कुटुंबातल्या तीन भावांची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलांचे रक्त तिन्ही प्रकारच्या पेशींनी खालावलेले होते आणि त्याचबरोबर शरीराच्या घडणीत जन्मजात व्यंगे होती. लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसत होत्या, आणि अशा मोठ्या पेशी त्या काळी ज्या रोगात दिसत त्याला 'पर्निशस', म्हणजे घातक, ॲनिमिया म्हणत. आदल्याच वर्षी बोस्टनच्या मायनो आणि मर्फी यांनी तो रोग यकृत खाऊ घालून आटोक्यात येतो असे दाखवले असल्याने तो शब्द सर्वांच्या तोंडी होता. फॅन्कोनींनीही या मुलांच्या आजाराला पर्निशससदृश कौटुंबिक ॲनिमिया म्हटले. नाव चुकीचे होते, पण 'कौटुंबिक' हे विशेषण अचूक होते, आणि या रोगाचा पुढचा सगळा इतिहास त्या एका विशेषणाला धरून चालला. १९३१ मध्ये झुरिकचेच ओटो नेगेली यांनी या रोगाला फॅन्कोनींचे नाव द्यावे असे सुचवले आणि ते टिकले.

त्याच १९२७ साली लेनिनग्राडचे मिखाईल अरिंकिन छातीच्या मधल्या हाडात सुई घालून जिवंत माणसाची मज्जा काढण्याची रीत बसवत होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. तोपर्यंत मज्जेचे दर्शन मुख्यतः मृत्यूनंतरच होत असे. सुईने काढलेल्या चार थेंबांमुळे मूल हयात असतानाच त्याची मज्जा पाहता येऊ लागली, आणि जन्मजात मज्जादोषांचे वेगवेगळे प्रकार एकेक करून सुटे होऊ लागले. १९३८ मध्ये बोस्टनचे लुई डायमंड आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी चार मुलांचे वर्णन केले, ज्यांची मज्जा फक्त लाल पेशीच बनवत नव्हती. त्याआधीच नखे, त्वचा आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावर खुणा ठेवणारा 'डिस्केराटोसिस कंजेनिटा' हा विकार त्वचारोगतज्ज्ञांनी ओळखला होता. मज्जेशी त्याचा संबंध मात्र पुष्कळ उशिरा लक्षात आला.

फॅन्कोनी ॲनिमियाच्या बाह्य खुणांत सर्वांत बोलकी खूण अंगठ्याची. काही बाळांना अंगठा नसतोच; काहींचा खुरटलेला, बोटांच्या रांगेत वर सरकलेला असतो; काहींचा कातडीच्या बारीक देठाने हाताला नुसता लोंबकळत असतो, तर काहींना एकाच हाताला दोन अंगठे असतात. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड कधी आखूड तर कधी गायब असते. त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग, लहान चण, लहान डोके, कधी एकच मूत्रपिंड. पण रक्त ओसरू लागते ते साधारण सातव्या वर्षाच्या आसपास. त्यामुळे असे मूल प्रथम जाते ते हाडांच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे, अंगठ्यासाठी. आणि काही वर्षांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर निळे वण उठू लागले, की दुसऱ्याच डॉक्टरकडे. पहिल्या कागदपत्रांतला अंगठा आणि दुसऱ्या कागदपत्रांतले रक्त एकाच ठिकाणी येऊन जुळले नाहीत, तर निदान हुकते. त्याहून अवघड बाब म्हणजे काही मुलांना बाहेरून दिसणारे व्यंग काहीच नसते. १९४७ साली सोलोमन एस्ट्रेन आणि विल्यम डेमशेक यांनी अशाच धडधाकट दिसणाऱ्या भावंडांतला कौटुंबिक ॲनिमिया वर्णिला आणि तो वेगळा रोग मानला गेला. तोही फॅन्कोनी ॲनिमियाच आहे, हे कळायला निदानाचे दुसरे साधन यावे लागले.

ते साधन गुणसूत्रांनी पुरवले. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातली, आनुवंशिक मजकूर वाहून नेणारी धाग्यांसारखी रचना. माणसात ती ४६ असतात, हे १९५६ सालीच निश्चित झाले होते, आणि १९६० च्या सुमारास साध्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बशीत वाढवून, त्यांना विभाजनाच्या ऐन क्षणी थांबवून, गुणसूत्रे मोजण्याची रीत सर्वत्र पोचली होती. १९६४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ट्राउटे श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या मुलांच्या पेशी अशा काचपट्टीवर पसरून पाहिल्या, तेव्हा संख्या बरोबर होती पण धागे जागोजाग तुटलेले होते. निरोगी पेशीत गुणसूत्राच्या दोन जुळ्या पट्ट्या समांतर, अखंड दिसतात. इथे पट्टीला भेग पडलेली, तुकडा बाजूला निखळलेला, आणि कुठे कुठे दोन निराळ्या गुणसूत्रांची तुटलेली टोके चुकीने एकमेकांना जुळून चार पाकळ्यांच्या फुलासारखी आकृती झालेली दिसे. मज्जेच्या रोगाचे मूळ पेशीच्या आनुवंशिक मजकुराच्या डागडुजीत आहे, हे या काचपट्टीने प्रथम सुचवले. फॅन्कोनी तेव्हा हयात होते आणि ज्या रोगाचे वर्णन त्यांनी ऐन तारुण्यात केले होते, त्यावर त्यांनी १९६७ मध्ये पुन्हा लेख लिहिला. १९७९ मध्ये वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले.

तुटलेली गुणसूत्रे प्रत्येक रोग्यात सारख्या प्रमाणात दिसत नसल्याने निदानासाठी नुसते पाहणे पुरत नव्हते. १९७३ साली जपानचे मासाओ सासाकी आणि आकिरा तोनोमुरा यांनी मायटोमायसिन-सी यासारखी औषधे या पेशींवर टाकून पाहिली. डीएनएचे दोन पेड एकमेकांना कायमचे टाचून टाकणे हा या औषधांचा गुण. कपड्याच्या चेनचे दात मध्येच एकमेकांत रुतून बसावेत आणि चेन वरही जाऊ नये, खालीही येऊ नये, तशी डीएनएची अवस्था होते. पेशीला विभाजनापूर्वी दोन्ही पेड उकलून त्यांची नक्कल करायची असते, आणि ती तिथे अडून बसते. निरोगी पेशी हा टाका शिताफीने उसवते. या मुलांच्या पेशींना ते जमत नव्हते आणि त्यांची गुणसूत्रे ढिगाने तुटत होती. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या आर्लीन आउरबाख यांनी सँड्रा वोलमन यांच्यासह डायइपॉक्सिब्युटेन या रसायनाचा याच कामी उपयोग दाखवला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याची अशी चाचणी बसवली की रक्ताच्या एका नमुन्यावरून, रसायन घातलेल्या पेशींतली मोड मोजून, फॅन्कोनी ॲनिमिया आहे की नाही हे जवळपास निःसंदिग्ध सांगता येऊ लागले. रोगाचा जो दुबळेपणा, तोच त्याचा साक्षीदार झाला. गर्भजलातल्या पेशींवरही ही चाचणी चालत असल्याने जन्माआधीच निदान करणे शक्य झाले.

आउरबाख यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे काम मात्र ही चाचणी नव्हे, तर १९८२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सुरू झालेली आंतरराष्ट्रीय फॅन्कोनी ॲनिमिया नोंदवही होय, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल. लाखभर जन्मांमागे एखादे मूल ज्या रोगाचे, त्याचे दोन-तीन रोगी पाहण्यात एका डॉक्टराचा उभा जन्म जातो. आणि दोन-तीन रोग्यांवरून जे दिसते ते बहुधा फसवे असते, कारण वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात ती ठळक, विचित्र, व्यंगांनी भरलेली उदाहरणे, आणि साधीसुधी मागे पडतात. निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी पाठवलेल्या नमुन्यांवर एकच चाचणी, एकाच निकषाने करायची, आणि निदान पक्के झालेल्या प्रत्येक मुलाची उंची, अंगठा, त्वचा, रक्ताचे आकडे, भावंडे, उपचार आणि शेवट एकाच रकान्यांत वर्षानुवर्षे लिहीत जायचे, हे काम दिपवणारे नाही. पण त्याच्याविना पुढच्या पुष्कळ गोष्टी घडल्या नसत्या. सुमारे एक तृतीयांश रोग्यांत जन्मजात व्यंग नसतेच, हे या नोंदवहीने आकड्यांत दाखवले. एस्ट्रेन आणि डेमशेक यांची भावंडे त्यामुळे पुन्हा आपल्या घरी परतली.

याच जातीचा चिकाटीचा उद्योग दुसऱ्या मार्गाने ब्लांश ऑल्टर यांनी केला. त्यांची सुरुवात आनुवंशिक हिमोग्लोबिन विकारांच्या, विशेषतः थॅलेसेमियाच्या, गर्भावस्थेतील निदानापासून झाली. हिमोग्लोबिन हे लाल पेशीतले प्राणवायू वाहणारे प्रथिन. त्याच्या साखळ्या घडवण्यातला दोष गर्भाच्या रक्ताच्या अत्यल्प नमुन्यात मोजण्याचे तंत्र १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये घडत होते आणि ऑल्टर त्या कामात होत्या. तिथून त्या जन्मजात मज्जादोषांकडे वळल्या. फॅन्कोनींच्या तीन भावांपासून पुढे छापून आलेला प्रत्येक रोगी, मग तो कोणत्याही भाषेतल्या नियतकालिकात असो, शोधून त्याचे वय, खुणा आणि कर्करोग यांची तालिका मांडण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. १९२७ ते २००१ या काळातल्या हजारांहून अधिक प्रसिद्ध रोग्यांचा कर्करोगाच्या अंगाने त्यांनी घेतलेला आढावा २००३ मध्ये आला. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांनी अशी पाहणी उभी केली, जिच्यात फॅन्कोनी, डायमंड-ब्लॅकफॅन, डिस्केराटोसिस आणि श्वाखमन-डायमंड (आणखी एक आनुवंशिक मज्जादोष) या चारही घराण्यांची कुटुंबे एकाच छत्राखाली आली आणि आईवडील, धडधाकट भावंडे यांच्यासह तपासली गेली. छापील रोगी मागे वळून मोजणे आणि जिवंत कुटुंबे पुढे पाहत मोजणे, या दोन्ही रीतींची गरज एकाच माणसाला इतक्या स्पष्टपणे जाणवावी, हे क्वचित घडते. याच गटाने २००७ मध्ये दाखवले की गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक टोपणे, म्हणजे टेलोमिअर, पांढऱ्या पेशींत मोजली असता डिस्केराटोसिसचे रोगी त्यांच्या अतिशय आखूडपणावरून ओळखता येतात.

काचपट्टीवरच्या अभ्यासाचा पहिला मोठा लाभ उपचाराला झाला. मज्जा बदलणे, म्हणजे रोग्याची निकामी मज्जा औषधांनी वा किरणांनी मोडून तिच्या जागी भावंडाची मज्जा शिरेवाटे देणे, ही रीत डोनाल थॉमस यांनी १९५० च्या दशकापासून घडवत आणली होती आणि त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरेश अडवानी यांनी भारतातले पहिले मज्जारोपण १९८३ मध्ये केले. फॅन्कोनीच्या मुलांत मात्र हा उपचार प्रथम उलटला: रोपणाआधी दिले जाणारे औषध इतर रोग्यांना जेवढ्या मात्रेत सोसत असे, तेवढ्यानेच या मुलांची आतडी आणि त्वचा जळून निघत, आणि नवी मज्जा रुजण्याआधीच मूल जाई. पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयातल्या एलियान ग्लुकमन यांनी हे अपयश प्रयोगशाळेतल्या काचपट्टीशी जोडले. जी पेशी बशीत डीएनए टाचणाऱ्या औषधाने कोसळते, ती शरीरातही त्याच औषधाने कोसळणार. रोगच जर डागडुजीचा असेल, तर रोपणाची तयारीही त्याच मापाने बेतली पाहिजे. औषधाची मात्रा नेहमीच्या दशांशावर आणून आणि किरणांची मात्रा आवरून त्यांनी १९८३ च्या सुमारास जी पद्धत मांडली, तिने या मुलांचे मज्जारोपण शक्य कोटीत आणले. गुणसूत्रांच्या अभ्यासाने थेट रुग्णाच्या खाटेपाशी केलेले हे बहुधा सर्वांत मोठे काम असावे.

त्यानंतर आला ६ ऑक्टोबर १९८८ हा दिवस. फॅन्कोनी ॲनिमिया असलेला अमेरिकेतला पाच वर्षांचा एक मुलगा. त्याची आई पुन्हा गरोदर. आउरबाख यांच्या चाचणीने पोटातल्या मुलीला हा रोग नाही असे आढळले आणि तिचे ऊतकगट, म्हणजे शरीराने आपले-परके ओळखण्याच्या खुणा, भावाशी जुळतात हेही कळले. इंडियाना विद्यापीठातले हॅल ब्रॉक्समेयर यांचे म्हणणे असे होते की नाळेतल्या रक्तात मज्जा नव्याने वसवू शकणाऱ्या मूळपेशी पुरेशा असतात. मूळपेशी म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या सर्व पेशींच्या शाखा फुटतात त्या. मुलगी जन्मताच नाळ आणि वारेतले रक्त गोळा झाले, इंडियानापोलिसला गोठवून ठेवले गेले आणि विमानाने पॅरिसला पोचले. ग्लुकमन यांनी त्या ऑक्टोबरच्या दिवशी ते त्या मुलाच्या शिरेत सोडले. मज्जा रुजली, आणि तो मुलगा प्रौढ वयाचा झाला. नाळेच्या रक्ताचे जगातले हे पहिले रोपण होय. महाराष्ट्रात वार जमिनीत पुरण्याची रीत जुनी आहे आणि माणसाचे मूळ गाव सांगताना 'जिथे नाळ पुरली' असे आजही म्हटले जाते. रुग्णालयांत मात्र तीच वार कचऱ्यात जात होती, आणि तिच्या काही चमच्यांएवढ्या रक्तात एका भावाचे आयुष्य होते. आज जगभर ज्या नाळरक्तपेढ्या आहेत, त्यांचा उगम एका दुर्मिळ रोगाच्या एका कुटुंबात आहे, याचा उल्लेख त्यांच्या जाहिरातींत क्वचितच आढळतो.

जनुकांचा शोध याच सुमारास सुरू झाला होता. दोन वेगळ्या रोग्यांच्या पेशी एकमेकींत मिसळून एक संकरित पेशी बनवली, आणि ती जर औषधाला पुरून उरली, तर त्या दोघांचे दोष वेगळ्या जनुकांत आहेत आणि दोघींनी एकमेकींची उणीव भरून काढली, असा याचा न्याय. या रीतीने एका रोगाचे ए, बी, सी, डी असे गट पडत गेले. १९९२ मध्ये टोरांटोचे मॅन्युएल बुचवाल्ड यांच्या प्रयोगशाळेत क्रेग स्ट्रॅथडी यांनी 'सी' गटाच्या पेशींत निरोगी माणसाच्या जनुकांच्या प्रती सोडल्या आणि त्यांवर डीएनए टाचणारे औषध टाकले. लाखो पेशी मेल्या आणि ज्या थोड्या तगल्या, त्यांच्यात हवे ते जनुक होते. पुढे अशा जनुकांची संख्या वाढत जाऊन आज किमान बावीस झाली आहे. २००२ मध्ये ॲलन दांद्रेया यांच्या गटाने 'डी-१' गटाचे जनुक ओळखले, तेव्हा ते स्तनाच्या कर्करोगामुळे आधीच जगप्रसिद्ध असलेले बीआरसीए-२ निघाले: एक प्रत बिघडलेल्या स्त्रीला स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया.

तरीही एक साधा प्रश्न तसाच उभा होता. मायटोमायसिन कोणी जन्मतः पीत नाही. डायइपॉक्सिब्युटेन हे तर कारखान्यातले रसायन. मग सजीवांनी डीएनएचे टाके उसवणारी एवढी मोठी यंत्रणा कशासाठी बाळगली? याचे उत्तर २०११-१२ मध्ये केंब्रिजमधील केतन पटेल यांच्या प्रयोगशाळेने दिले. शरीर स्वतःच्या रोजच्या कारभारात आल्डिहाइड या वर्गाची दाहक द्रव्ये तयार करते, दारू पचतानाही तीच तयार होतात, आणि ती डीएनएला टाचतात. ही द्रव्ये निकामी करणारे विकर आणि फॅन्कोनीचे जनुक, अशी दोन्ही ज्या उंदरांत नव्हती, त्यांची मज्जा आपोआप आटली. २०१३ मध्ये जपानी रोग्यांत याची मानवी बाजू दिसली: पूर्व आशियात अनेकांत त्या विकराचे दुबळे रूप असते, आणि ज्या फॅन्कोनी रोग्यांत ते होते त्यांची मज्जा इतरांपेक्षा लवकर निकामी झाली होती. या मुलांची मज्जा जन्मल्यापासून बाहेरच्या कोणत्याही विषाविना, स्वतःच्याच शरीराच्या धुराने काळवंडत होती, हे समजणे त्यांच्या आईवडिलांसाठी फार महत्त्वाचे होते, कारण आपण गरोदरपणात काय खाल्ले, काय केले, या विचाराने कित्येक आयांनी स्वतःला दोष देत वर्षे काढलेली असतात.

रोग एकाच समाजाचा नाही, पण वाहकांचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. आईवडील दोघेही बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत बाळगत असतील, आणि स्वतः ठणठणीत असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. अमेरिकेत सर्वसाधारणपणे १८१ माणसांमागे एक वाहक असावा असा २०११ चा हिशेब आहे. स्पेनमधील जिप्सी, दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाचे आफ्रिकानेर आणि अश्केनाझी ज्यू यांच्यात हे प्रमाण त्याहून बरेच जास्त, कारण थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजांत एका पूर्वजाचा दोष अनेक घरांत उतरतो. नात्यातल्या लग्नांनीही हेच घडते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न होत आले आहे. अशा जोडप्यांच्या एकूण जनुकांपैकी सुमारे एक अष्टमांश एकाच आजी-आजोबांकडून आलेला, म्हणून दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. बहुसंख्य नात्यातल्या जोडप्यांची मुले निरोगीच असतात, हेही तितकेच खरे आणि डॉक्टरांनी आवर्जून सांगावे असे आहे.

भारतातल्या या अभ्यासाचे एक केंद्र मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था या नावाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेखाली काम करते. ज्या आवारात १९५२ मध्ये भेंडे यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे ठेवला, तिथेच आता मज्जा आटलेल्या मुलांचे रक्त बशीत वाढवले जाते, मायटोमायसिन घातले जाते, सुमारे तीन दिवसांनी पेशी काचपट्टीवर पसरल्या जातात, आणि कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका पेशीतल्या मोडी मोजत बसते. साठ वर्षांपूर्वीच्या हायडेलबर्गच्या काचपट्टीपेक्षा ही काचपट्टी फारशी वेगळी नसते. या संस्थेच्या संशोधकांनी भारतीय कुटुंबांतले जनुकदोष जमा करत नेले आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. 'एल' गटाचे जनुक जगात इतरत्र अत्यंत क्वचित बिघडलेले सापडते. भारतात मात्र परस्परांशी नाते नसलेल्या अनेक कुटुंबांत त्याच्या एकाच जागी एकच अक्षर बदललेले आढळले. २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांसह प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने तो दक्षिण आशियातल्या एका जुन्या पूर्वजाकडून आलेला दोष असल्याचे दाखवले. त्या बदलामुळे प्रथिनातला घटक बदलत नाही, म्हणून वरकरणी तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात जनुकाचा मजकूर जोडून घेताना पेशी एक अख्खा परिच्छेदच गाळते. परदेशातल्या याद्या डोळे मिटून वापरणाऱ्या प्रयोगशाळेला असा दोष दिसूनही कळला नसता.

२००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नोंदवहीचा वीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा तिच्यात ७५४ रोगी होते. चाळिशीपर्यंत दहांपैकी नऊ जणांची मज्जा निकामी होते, सुमारे एक तृतीयांश लोकांना रक्ताचा कर्करोग वा त्याची पूर्वावस्था गाठते, आणि चारांतल्या एकाहून जास्त जणांना इतर अवयवांचा कर्करोग होतो, असे त्या आकड्यांत दिसले. इतर अवयवांत तोंड आणि घसा पुढे आहेत. मज्जारोपणाने जी मुले वाचली, त्यांनाच हा नवा धोका वयात आल्यावर भेटतो आहे, आणि असा कर्करोग झाल्यास त्यावर केमोथेरपी व किरणे इतर रोग्यांसारखी वापरताही येत नाहीत, कारण पेशी तीच आहे. म्हणून आता या तरुणांना दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे पाठवले जाते, गालाच्या आतले अस्तर, हिरड्या आणि जिभेची कडा छोट्या आरशाने तपासली जाते, आणि जिभेच्या कडेवर एखादा पांढरा चट्टा दिसला तर त्याची जागा, मोजमाप आणि तारीख लिहून ठेवली जाते.